जजकाकूंची एक नजर

आमच्या कॉलनीत गणपतीतल्या रांगोळी-स्पर्धेचा निकाल चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात लागत असे. मंडळाच्या अंगणातल्या फरशीवर बायका सकाळपासून कंबर मोडेस्तोवर रांगोळ्या काढत. मग सगळ्या हॉलमध्ये जाऊन बसत, दार ओढून घेतलं जाई, आणि फाटकातून जजकाकू आत येत. एका हातानं निऱ्या किंचित उचललेल्या, मान सरळ, चाल भाजीला निघालेल्या बाईची. रांगोळ्यांच्या दोन ओळींमधून त्या टोकापर्यंत जात आणि तशाच परत फिरत. जाताना पाहायचं, येताना फूल ठेवायचं. पहिलीला जास्वंद, दुसरीला शेवंती, तिसरीला झेंडू. मागून फुलांची परडी घेऊन मी धावत असे. फूल ठेवायला त्या वाकत तेवढंच. पाहायला म्हणून त्या थांबल्या, असं कधी होत नसे.

त्यांचं खरं नाव कॉलनीत फार थोड्यांना ठाऊक होतं. दूधवाला भैया त्यांना ‘जज काकी’ म्हणायचा, ते आम्ही उचललं. कोणती रांगोळी कोणाची हे त्यांना माहीत नसायचं, आणि त्या माहीत करून घेतही नसत. शेवटचं फूल ठेवलं की नळावर हात धुऊन त्या सरळ घरी जात. नावं पुकारणं, बक्षीस देणं ही कामं दुसऱ्यांची. एकदा मी विचारलं, “काकू, निदान कोण पहिली आली ते तरी ऐका.” त्या म्हणाल्या, “एकदा नाव ऐकलं की पुढच्या वर्षी रांगोळी दिसत नाही, बाई दिसते.” तोफांच्या कारखान्याच्या कॉलनीत हे म्हणणं सोपं नव्हतं. तिथं कोणाचा नवरा कोणाच्या हाताखाली आहे हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असे, आणि साहेबांच्या बायकोला सलग दोन वर्षं झेंडूसुद्धा मिळाला नव्हता.

मी पुण्याहून लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हाची गोष्ट. क्वार्टरमध्ये सामान लावून दोन दिवस झाले होते. काकू शेजारधर्म म्हणून भाकरी-पिठलं घेऊन आल्या आणि उंबऱ्यातूनच त्यांची नजर भिंतीवरच्या भरतकामाच्या ताजमहालावर गेली. माझ्या मावशीनं लग्नात दिलेला तो ताजमहाल. “हे काढून ठेव,” त्या म्हणाल्या. डबा अजून त्यांच्या हातातच होता. मी फणकारले. “मावशीनं डोळे फोडून केलंय हो ते.” “अच्छा. मेहनत दिसून राहिली मला. तुला आवडतं का, ते सांग.” मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की मला तो ताजमहाल कधीच आवडला नव्हता. लग्नापासून मी त्याच्याकडे मावशी म्हणूनच पाहत होते. त्या दिवसापासून मी ‘पुणेवाली’ झाले आणि पहिल्याच गणपतीत फुलांची परडी माझ्या हातात आली.

ही नजर त्यांना माहेरची आंदण होती. भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलेलं त्यांचं घराणं. चाकरी गेली, पण घराणं सराफ्याच्या गल्लीत राहिलं. वडील एका पेढीवर खडे पारखायचे. खडा उजेडात धरला की पहिल्या झटक्यात जे वाटेल ते लेकीला मोठ्यानं बोलायला लावायचे. मागाहून विचार करून दिलेलं उत्तर ते ऐकतच नसत. “बाबा म्हणायचे, डोळा पहिल्यांदा खरं बोलतो. मग त्याला मन भेटतं, आणि दोघं मिळून खोटं रचतात,” काकू सांगायच्या. घरी काकांची चेष्टा करायलाही त्यांना हे पुरायचं. काका कारखान्यात तपासणीच्या खात्यात होते, दिवसभर गेज लावून लोखंड मोजायचे. ते संध्याकाळी म्हणायचे, “मला सुताएवढ्या फरकाला हत्यार लागतं. हिला नुसती नजर ओवाळायला बोलवा.”

त्या चुकत नसत असं मुळीच नाही. भाचीसाठी आलेला एक मुलगा त्यांनी अशाच एका नजरेत पसंत केला होता, आणि पुढं ती भाची दोनदा पेटी घेऊन माहेरी परत आली. शाळेतले ड्रॉइंगचे सर तर त्यांचे हाडवैरी. सरांचं म्हणणं, चित्रापाशी माणसानं बसावं, चित्राला बोलू द्यावं. रांगोळीला रेषेचे इतके, रंगाचे इतके, कल्पनेचे इतके असे गुण लावून ते वेगळा निकाल काढत. बहुतेक वर्षी त्यांच्या आणि काकूंच्या पहिल्या तिघी त्याच निघत. ज्या वर्षी निघत नसत त्या वर्षी दोघांचं भांडण दिवाळीपर्यंत पुरे. शेवटी सरांनी आपण काढलेलं नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या घाटाचं एक चित्र काकूंच्या भिंतीवर आणून लावलं आणि म्हणाले, वर्षभर पाहा, मग बोला. काकूंनी वर्षभर पाहिलं. सर विचारायला आले. “नाही आवडलं,” काकू म्हणाल्या. सर खुर्चीवर चढून चित्र उतरवू लागले तशी त्यांना म्हणाल्या, “राहू द्या. आता ते नसलं तर भिंत खायला उठेल. पण सर, सवय झाली म्हणजे आवडलं, असं नाही.” ते चित्र शेवटपर्यंत तिथंच होतं. मी काकूंना एकदा चिडून म्हटलंही होतं, की तुम्ही इतक्या घाईनं निकाल देता, चुकला तर? “चुकते ना,” त्या म्हणाल्या. “पण माझी चूक माझी असते. दुसऱ्यानं कानात सांगितलेली नसते.”

पासष्टची लढाई गणपतीच्याच दिवसांत आली. कारखान्याचा भोंगा वेळी-अवेळी वाजू लागला. आमचे नवरे डबल पाळी करून, डोळे तारवटून घरी येत. खिडक्यांच्या काचांना आम्ही काळे कागद चिकटवत होतो. मखर साधं ठेवायचं ठरलं, पण रांगोळ्या मात्र झाल्या. त्या वर्षी एका रांगोळीनं मीसुद्धा परडी घेऊन चालता चालता अडखळले. बाकीच्यांनी फरशीचा इंच इंच भरून काढला होता. इथं मात्र एका कोपऱ्यातून कमळाची एकच वेल वर आली होती आणि उरलेली सगळी फरशी मोकळी होती. पण ती मोकळी वाटत नव्हती, तिथं पाणी असावं असं वाटत होतं. काकू जाताना थांबल्या नाहीत. येताना त्यांचा हात मागे आला तो न बघताच जास्वंदीसाठी.

ती रांगोळी नलूची होती. नलू म्हणजे आमच्याच ओळीतल्या फोरमनसाहेबांची सून. नवरा फौजेत, त्या वेळी सीमेवर. बावीस-तेवीस वर्षांची, बोलायला भिडस्त पोर. बक्षिसाची वाटी घेऊन सासूबाईंना दाखवायला धावत गेली ते मला अजून दिसतं. विसर्जन झालं आणि आठवड्याभरात तार आली. पुढचं मी लिहीत नाही. ज्यांनी त्या वर्षांत अशा कॉलनीत दिवस काढले आहेत त्यांना ठाऊक आहे, की आपल्या नवऱ्यांच्या हातून बनून गेलेला माल आणि आपल्या गल्लीत आलेली तार यांच्याबद्दल आम्ही बायका एका दमात कधी बोलत नव्हतो.

पुढच्या गणपतीत काकू नेहमीसारख्या आल्या. टोकापर्यंत गेल्या, परत आल्या. शेवंती ठेवली, झेंडू ठेवला. जास्वंद परडीतच राहिलं. हॉलचं दार उघडून बायका बाहेर आल्या तरी काकू नळाकडे गेल्या नव्हत्या. त्यांनी सगळ्यांकडे पाहून विचारलं, “ती जागा सोडणारी कुठं गेली?”

काकूंना नाव ठाऊकच नव्हतं. नलूवर काय कोसळलं ते त्यांना माहीत होतं, भेटायलाही त्या जाऊन आल्या होत्या. पण ती नलू आणि ही रांगोळी काढणारी एकच, हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. शेवटी मंडळाच्या सेक्रेटरीबाई हळूच म्हणाल्या, “काकू, ती नलू होती. आता ती कशी येणार? मंगलकार्य आहे, गणपतीपुढची रांगोळी.” नलूला कोणी येऊ नको म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. हळदीकुंकवाला जसं बोलावणं आपोआप बंद झालं, तसंच हेही.

काकूंनी परडीतलं जास्वंद उचललं आणि चालू लागल्या. मी मागोमाग. फोरमनसाहेबांच्या क्वार्टरच्या पायरीवर त्या जाऊन बसल्या. आतून नलूच्या सासूबाई आल्या, दाराआड नलू.

“वहिनी, पोरीला उद्या पाठवा. रांगोळी काढायची आहे,” काकू म्हणाल्या.

सासूबाई उंबऱ्यात खाली बसल्या. मला वाटलं, आता लोक काय म्हणतील ते निघेल. काकूंनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांची मान भांडणाच्या तयारीनं ताठ झाली होती. पण सासूबाई म्हणाल्या, “लोकांचं सोडा. माझा पोरगा गेला, आणि हिनं रंग हातात घ्यायचे? मला पाहवणार नाही, काकू. खरं सांगून राहिली.”

काकूंची मान खाली गेली. त्या एका नजरेत निकाल देणाऱ्या बाईला समोरच्या बाईचं दुःख दिसलं नव्हतं, रूढीच तेवढी दिसली होती. त्या उठल्या. सासूबाईंच्या हाताला हात लावून म्हणाल्या, “चुकली मी. मी घाईनं बोलली.” जास्वंद त्यांनी तिथं ठेवलं नाही. घरापर्यंत हातात घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरतीआधी मी मंडळात फुलं निवडत बसले होते. फाटक वाजलं. सासूबाई आत आल्या. त्यांच्या हातात रांगोळीचा डबा होता, मागे नलू, पांढऱ्या साडीत. सासूबाईंनी कोणाकडे पाहिलं नाही. मखरासमोरची फरशी पदरानं पुसली, डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, “काढ.” आणि स्वतः खांबाला टेकून उभ्या राहिल्या, शेवटपर्यंत. त्यांच्यासमोर कोणाची काही बोलायची छाती झाली नाही. दोघी-तिघी आरतीला न थांबता निघून गेल्या, इतकंच.

नलूनं तीच वेल काढली, पण कमळ मिटलेलं. बाकी सगळी मोकळी फरशी. कोणीतरी काकूंना बोलावून आणलं. त्या आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा एका रांगोळीसमोर उभ्या राहिल्या. आरती सुरू झाली, संपली, प्रसाद वाटला गेला, तरी त्या उभ्याच. नलू मान खाली घालून वाट पाहत होती. मी परडी पुढं केली. काकूंनी ती बाजूला सारली.

“नाही,” त्या नलूला म्हणाल्या. “मला तुझं नाव माहीत आहे आता. मी पाहते आहे ती रांगोळी की तू, हे मलाच कळेना. याला मी फूल नाही ठेवू शकत.”

मला त्यांचा असा राग आला होता, की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. एवढं होऊन एक फूल ठेवायला काय गेलं असतं? सगळी कॉलनी वर्षभर त्या पोरीकडे ओल्या डोळ्यांनी पाहत होती. भाजीवाली तिला तोलून वर मूठभर जास्त द्यायची. पाण्याच्या नळावर ती आली की रांग आपोआप फाटायची. त्यात काकूंच्या एका फुलानं काय बिघडणार होतं, हे मला कळत नव्हतं. नलू मात्र डबा उचलताना शांतपणे म्हणाली, “राहू द्या काकू. पुढच्या वर्षी मी सगळ्यांमध्ये बसून काढीन.”

आणि पुढच्या वर्षी ती खरंच सगळ्यांमध्ये बसली. सासूबाई स्वतः सोडून गेल्या होत्या, तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. मजा अशी झाली होती, की नलूचं पाहून त्या वर्षी तिघी-चौघींनी फरशी मोकळी सोडली होती. ओळींमधून काकूंच्या मागं चालताना कोणती कोणाची हे मला सांगता आलं नसतं. काकू नेहमीच्या चालीनं गेल्या. मध्ये कुठंतरी माझी परडी त्यांच्या पाठीला लागली, म्हणून मी चाल सावरली. परत येताना जास्वंद साहेबांच्या बायकोच्या मोरापाशी गेलं, शेवंती एका ठिपक्यांच्या रांगोळीला, आणि झेंडू एका मोकळ्या फरशीच्या कोपऱ्याला.

तो झेंडू नलूचा होता. नाव पुकारलं तसा तिनं तोंडावर पदर घेतला आणि ती हुंदके देऊन रडू लागली. सासूबाई घाबरून पुढं आल्या. नलू रडता रडता मोठ्यानं म्हणाली, “आई, तिसरी आली मी. त्यांनी मला पाहिलंच नाही. फक्त रांगोळी पाहिली. वर्षभर सगळे मलाच पाहून राहिले होते.” एवढ्या मोठ्यानं बोलताना आम्ही तिला कधी ऐकलं नव्हतं. काकू त्या दिवशी अजून नळाशीच होत्या. पाणी हातावरून कितीतरी वेळ वाहत होतं. मी जाऊन नळ बंद केला, आणि मनातल्या मनात वर्षभराचा राग सोडून त्यांना नमस्कार केला.

नलू पुढं शिकली, कांचघर भागातल्या एका शाळेत मास्तरीण झाली. गणपतीत तिला कधी जास्वंद मिळे, कधी काहीच नाही. लोक तिच्या रांगोळीला सरळ नावं ठेवू लागले, ती लोकांच्या रांगोळीला. सासू-सून संध्याकाळी फिरायला निघत तेव्हा आता कोणी वाट सोडून उभं राहत नसे.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात पुन्हा लढाई आली, पुन्हा भोंगा आणि काळे कागद. त्याच थंडीत काकूंनी अंथरूण धरलं. छातीचं दुखणं होतं. मी दुपारी त्यांच्याजवळ बसायला जात असे. कागदांमुळे खोलीत उजेड कमी, समोर सरांचा तिलवाऱ्याचा घाट. एकदा त्या चित्राकडे पाहत म्हणाल्या, “पुणेवाली, एक निकाल मी खोटा दिला.”

“कोणता?”

“जागा सोडणारीचा. झेंडू ठेवला त्या वर्षीचा. पहिली होती ती. बघताच कळलं. पाच जणींनी जागा सोडली होती, पण एकीलाच ती सोडता आली होती.” दम लागला म्हणून त्या थांबल्या. “जास्वंद ठेवलं असतं तर सगळ्या म्हणाल्या असत्या, काकूंना दया आली. त्या पोरीनंही तेच मनात धरलं असतं. झेंडूला कोणी दया म्हणत नाही.”

“मग त्यात खोटं काय झालं? चांगलंच केलंत.”

“नलूचं चांगलं केलं. रांगोळीचं नाही. ती तर सकाळी झाडूनच टाकली, तिला परत कोण पाहणार? बाबा असते तर मला पेढीची पायरी चढू दिली नसती.” मग माझा हात धरून म्हणाल्या, “तिला सांगू नको. तिचा तेवढा एक झेंडू खरा राहू दे.”

मी कबूल केलं. लढाई संपल्यावर थोड्याच दिवसांत काकू गेल्या. काका घरात गेज हरवल्यासारखे हिंडत होते. तेराव्याला सगळी कॉलनी जेवून गेली. भांडी घासून झाल्यावर मी आणि नलू मागच्या पायरीवर बसलो. तिथं काकूंचं जास्वंदीचं झाड होतं. नलू त्याच्याकडे पाहत म्हणाली, “त्या वर्षी काकू माझ्या रांगोळीपाशी थांबल्या होत्या.”

मी तिच्याकडे पाहिलं नाही. “कोणत्या वर्षी?”

“झेंडूच्या. हॉलच्या खिडकीच्या फटीतून आम्ही सगळ्या पाहायचो ना. त्यांचं पाऊल थबकलं. तुमची परडी लागली त्यांच्या पाठीला. स्पर्धेत काकू कोणापाशी थांबल्या होत्या का कधी?”

“नाही.”

“तेव्हाच समजलं मला, की रांगोळी पहिली आहे आणि त्यांनी ती माझी म्हणून ओळखलीही आहे. आणि मग परत येताना त्यांनी झेंडू ठेवला.” ती जराशी हसली. “मी रडली ते त्याच्यासाठी. तिसरी आली म्हणून नव्हे.”

“मग ते काहून म्हणालीस, त्यांनी मला पाहिलंच नाही म्हणून? तेही एवढ्या मोठ्यानं?”

“काकू नळावर होत्या,” नलू म्हणाली. “त्यांना ऐकू जायला पाहिजे होतं.”

आतून काकांनी चहासाठी हाक मारली. दूध कुठं ठेवलंय ते त्यांना सापडत नव्हतं. आम्ही दोघी उठून आत गेलो.